क्योतोचं सोनं, पॅरिसची वळणं

1737 साली पॅरिसमधला एबेर नावाचा व्यापारी फ्रान्सची राणी मारी लेश्चिन्स्का हिच्या फाँतेनब्लोच्या महालात खणांचं एक बुटकं कपाट पोचवून आला. कारागीर होता बेर्नार्द व्हान रिसेनबर्ग. आज लूव्र संग्रहालयात असलेलं हे कपाट रोकोको शैलीचा उत्तम नमुना मानतात. त्याचं पोट फुगीर आहे, पाय बाकदार आहेत आणि कडांवरून मुलामा दिलेल्या ब्राँझच्या वेली धावतात. दर्शनी बाजूची काळीभोर चकाकी आणि तिच्यावरचं सोनेरी चित्र मात्र फ्रेंच नाही, ते जपानी आहे. असं काम युरोपात जायचं ते मुख्यतः क्योतोच्या कारखान्यांतून.

1715 मध्ये चौदावा लुई वारला आणि सरदार मंडळी व्हर्सायचा दरबारी थाट सोडून पॅरिसच्या हवेल्यांत परतली. मोठ्या दालनांची जागा लहान, गप्पांच्या बैठकींनी घेतली. जड खांब आणि ताठ रेषा मागे पडल्या. शिंपले, वेली, फेसाळ लाटा आणि नागमोडी वळणं भिंतींवर चढली. 1730च्या दशकात जेर्मँ बोफ्राँनं सजवलेला सुबीझ हवेलीतला लंबवर्तुळाकार दिवाणखाना म्हणजे या शैलीचा कळस. अशा खोल्यांना नाजूक, झळाळणारं आणि दूरदेशीचं काहीतरी हवं होतं.

चीक आणि सोन्याची भुकटी

1603 नंतर जपानची सत्ता एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला गेली. सम्राट आणि उंची कारागिरी क्योतोतच राहिली. तिथल्या लाखकामाला आपण लाख म्हणतो खरं, पण सावंतवाडीच्या खेळण्यांवरची लाख किड्यापासून मिळते, तर जपानची ‘उरुशी’ हा झाडाचा चीक. हे झाड आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातलं. म्हणूनच कच्चा चीक लागला की बिबा उततो तशी कातडी उतते. हा चीक उन्हात वाळत नाही, तो दमट हवेतच घट्ट होतो. म्हणून वस्तू ओलसर कपाटात ठेवतात आणि पातळ थरांवर थर चढवत महिनोन् महिने काम चालतं. ओल्या उरुशीवर सोन्याची भुकटी शिंपडून चित्र काढायचं, ते ‘माकीए’. 1606 साली जपानचा दिवंगत सत्ताधीश हिदेयोशी याच्या पत्नीनं त्याच्या स्मरणार्थ बांधलेल्या क्योतोच्या कोदाइजी मंदिरात हे काम आजही पाहता येतं.

1639 मध्ये पोर्तुगिजांना हाकलल्यावर युरोपियनांपैकी फक्त डचांना जपानशी व्यापाराची मुभा उरली. त्याच सुमाराची एक पेटी डच गव्हर्नर-जनरल व्हान डीमेन यांच्या पत्नीसाठी बनवलेली. झाकणाच्या आत तिचं नावही आहे. पुढे ती पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पाँपादूर हिच्या संग्रहात गेली. आता ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

करवत

पेटी चौकोनी, रोकोको वळणांचा. मेळ बसायचा कसा? पॅरिसच्या व्यापाऱ्यांनी सरळ करवत चालवली. सतराव्या शतकातली जपानी कपाटं फोडून त्यांच्या लाखकामाच्या फळ्या काढल्या, मागचं लाकूड पातळ तासलं आणि त्या फुगीर फर्निचरवर वाकवून चिकटवल्या. सांधे झाकायला वर ब्राँझच्या वेली. उरुशीचा चीक युरोपात नव्हता, म्हणून मार्तँ बंधूंनी रोगणाची नक्कल काढली आणि तीही गाजली. पण क्योतोच्या काळ्या रंगाची खोली तिला आली नाही.

गंमत अशी की पॅरिसमध्ये रोकोको उमलत होता, त्याच्या थोडं आधी क्योतोत ओगाता कोरिन (1658–1716) काम करत होता. त्याच्या लेखनपेटीवर शिंपल्याच्या तुकड्यांची आयरिस फुलं आहेत आणि शिशाचा पूल एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर वळत जातो. निसर्गाची ओढ आणि असमतोलाची हौस त्याच्यातही होती, रोकोकोतही. फरक मोकळ्या जागेचा. कोरिन काळी जागा रिकामी सोडतो. पॅरिसचा कारागीर तिच्याभोवती सोनेरी चौकट फुलवतो. युरोपात कोरिनचं नाव गाजलं ते एकोणिसाव्या शतकात.

1780 मध्ये ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा वारली आणि तिच्या जपानी डब्या लेकीकडे, फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्याकडे आल्या. तोवर रोकोको जुना झाला होता, सरळ रेषा परतल्या होत्या. राणीनं डब्या न कापता व्हर्सायमध्ये मांडल्या. 1783 मध्ये रीझनेर या कारागिरानं तिच्यासाठी बनवलेल्या सरळ रेषांच्या फर्निचरवरही जपानी लाखकामाच्या फळ्याच होत्या. शैली बदलली तरी मागणी क्योतोच्याच कामाला राहिली. रोकोकोनं ते हौसेनं सजवलं खरं, पण त्यासाठी आधी तोडलंही. एखाद्या संग्रहालयात असं कपाट दिसलं, तर ब्राँझच्या वेलीखाली सांधा शोधा: क्योतोचं काम कुठं तुटलं आणि पॅरिसचं कुठं सुरू झालं, ते तिथं कळतं.