प्लॅस्टिकची पेट्रोल-टाकी : दुरुस्ती आणि जपणूक

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीतील गोष्ट. आमच्या रसायनशास्त्र विभागातील एका विद्यार्थ्याने डोंगरवाटांवर चालविण्याची एक जुनी परदेशी मोटारसायकल विकत घेतली होती. तिची टाकी पत्र्याची नव्हती. दुधी रंगाच्या प्लॅस्टिकची होती. कॉकजवळ केसाएवढी भेग पडून पेट्रोल झिरपू लागले, म्हणून तो टाकी काढून गॅरेजवर घेऊन गेला. योगायोगाने मीही स्कूटर दाखवायला तेथेच गेलो होतो. मेस्त्रीने टाकी उपडी केली, उरलेले पेट्रोल डब्यात ओतून घेतले आणि भेग वितळवून बुजविण्यासाठी गॅसवर एक लोखंडी पट्टी तापत ठेवली. मी त्याला थांबविले तेव्हा तो हसून म्हणाला, "काय होत नाही हो सर, रिकामीच हाय की टाकी!"

हा मेस्त्री अनाडी नव्हता. वीस वर्षे त्याने गाड्या दुरुस्त केल्या आहेत. त्याची समजूत तीच आपल्यापैकी बहुतेकांची असते : पेट्रोल असेल तर धोका, पेट्रोल काढले की धोका संपला. ही समजूत नेमकी उलटी आहे. ती का, हे सांगावे आणि अशी टाकी हाती आल्यास काय करावे व काय करू नये, हेही सांगावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

रिकाम्या टाकीत काय असते?

द्रव पेट्रोल स्वतः जळत नाही; जळते ती त्याची वाफ. ही वाफ होण्यासाठी उष्णतेची फारशी गरजच नसते. पेट्रोलचा प्रज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला पेट घेण्याइतकी वाफ द्रवावर जमते तो अंश, शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस इतका आहे. आपल्याकडील थंडीतल्या पहाटेही पेट्रोल पेटण्यास सदैव तयारच असते.

मात्र वाफ हवेत मिसळल्याखेरीज जळत नाही, आणि तीही ठराविक प्रमाणातच मिसळावी लागते. हवेत पेट्रोलची वाफ सुमारे १.४ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर मिश्रण पेटत नाही आणि सुमारे ७.६ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तरीही पेटत नाही. भरलेल्या टाकीत पेट्रोलच्या वरची जागा वाफेने इतकी दाटलेली असते की तेथे जळण्यापुरती हवाच उरत नाही. टाकी ओतून रिकामी केली की बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होत होत नेमके स्फोटक मर्यादेत येते.

विद्यार्थी मित्रांनी हे गणित करून पाहावे. दहा लिटरच्या टाकीत १.४ टक्के म्हणजे ०.१४ लिटर वाफ. नेहमीच्या तापमानाला एक मोल वायू सुमारे २४.५ लिटर जागा व्यापतो. पेट्रोलच्या वाफेचा सरासरी रेणुभार ९० च्या आसपास धरला तर एवढी वाफ होण्यास अवघे अर्धा ग्रॅम पेट्रोल पुरते. वरची मर्यादा धरली तरी तीन ग्रॅमच्या आतच हिशेब संपतो. म्हणजे चहाच्या चमच्यातही मावेल एवढे पेट्रोल दहा लिटरची टाकी बॉम्ब करण्यास पुरेसे आहे. उपडी केलेल्या टाकीच्या कोपऱ्यांत याहून अधिक पेट्रोल सहज राहते.

प्लॅस्टिकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती पत्र्याच्या टाकीत नसते. पॉलिएथिलीन हे स्वतः हायड्रोकार्बन आहे आणि पेट्रोलही मुख्यत्वे हायड्रोकार्बनच. सजातीय सजातीयात मुरते, या न्यायाने पेट्रोल टाकीच्या भिंतीत मुरते. टाकी आज धुऊन कोरडी केली तरी भिंतीत मुरलेले पेट्रोल उद्या, परवा, आठवड्यानेही वाफरूपाने बाहेर येत राहते. आणि तापलेली पट्टी लावली की ते एकदम बाहेर पडते, तेही ठिणगीपाशीच!

हे प्लॅस्टिक कोणते?

पॉलिएथिलीनचा शोध इंग्लंडमधील आय. सी. आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३३ साली अपघातानेच लागला. १९५३ साली जर्मनीत कार्ल त्सिग्लर यांनी ते कमी दाबाखाली तयार करण्याची रीत शोधली. तिच्यामुळे अधिक घनतेचे, कणखर पॉलिएथिलीन हाती आले. या कार्याबद्दल त्यांना १९६३ साली इटलीचे जुलिओ नात्ता यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. टाक्यांसाठी वापरतात ते मुख्यत्वे हेच घन पॉलिएथिलीन. ते हलके असते, गंजत नाही, आपटले तर पोचा न पडता पूर्ववत होते. म्हणून खडकाळ वाटांच्या आणि लांब शर्यतींच्या मोटारसायकलींना ते सोयीचे ठरले. आपल्या रस्त्यांवरील बहुतेक मोटारसायकलींची टाकी मात्र आजही पोलादी पत्र्याचीच आहे.

दिसायला सारख्या टाक्या चार जातींच्या असू शकतात, आणि दुरुस्तीचा सगळा विचार या जातीवर अवलंबून असतो.

पहिली, साधे घन पॉलिएथिलीन. हे ऊष्मामृदू, म्हणजे तापविल्यास वितळणारे आहे. सुमारे १३० अंशांना ते वितळते. दुसरी, आडव्या बंधांनी रेणू एकमेकांस जोडलेले पॉलिएथिलीन. हे दिसते तसेच, परंतु तापविल्यास वितळून वाहत नाही. रबरासारखे मऊ होते आणि अधिक तापविल्यास करपते. तिसरी, नायलॉन. चौथी, काचतंतू आणि रेझीन यांची, जिला बोलीत आपण फायबरची टाकी म्हणतो.

टाकीच्या तळाशी बहुधा जातीचे चिन्ह कोरलेले असते. ते प्रथम शोधावे. ते नसल्यास चाकूने काठाचा नखाएवढा तुकडा काढून, धुऊन पाण्यात टाकावा. तरंगला तर पॉलिएथिलीन, बुडाला तर नायलॉन असण्याचा संभव अधिक. कापलेल्या कडेला काचेचे तंतू दिसले तर फायबर. पॉलिएथिलीनच्या दोन जातींतील भेद कळण्यासाठी तो तुकडा, टाकीपासून खूप दूर, काही दिवस वाळवून गरम इस्त्रीच्या टोकाला लावून पाहावा. वितळून पसरला तर पहिली जात, नुसताच लवचिक झाला तर दुसरी.

दुरुस्ती : कोणती होते, कोणती होत नाही

बाजारात मिळणारी इपॉक्सीची लुगदी भेगेवर थापणे हा पहिला उपाय सर्वांना सुचतो. पॉलिएथिलीनवर तो टिकत नाही. अळवावरचे पाणी जसे पानाला धरत नाही, तसे या प्लॅस्टिकला काहीच धरत नाही. त्याची पृष्ठऊर्जा मीटरला सुमारे ३१ मिलिन्यूटन इतकी अल्प आहे. इपॉक्सीची ४० च्या वर. त्यामुळे चिकटद्रव्य पृष्ठभागावर नीट पसरतच नाही. शिवाय भिंतीत मुरलेले पेट्रोल मागच्या बाजूने ते ठिगळ उचलून धरते. थोडे दिवस गळती थांबल्यासारखी वाटते आणि एके दिवशी तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकू लागते. पत्र्याच्या टाकीला आतून लावावयाचे लेपही येथे निरुपयोगी आहेत. ते पापुद्र्यांनी सुटतात आणि कॉक व जेट यांत अडकतात.

साध्या घन पॉलिएथिलीनची टाकी गरम हवेच्या यंत्राने, त्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी वितळवून सांधता येते. परंतु हे काम प्लॅस्टिक वेल्डिंग रोज करणाऱ्या कारागिराचे आहे, आणि टाकी पूर्ण निर्बाष्प झाल्यानंतरचे आहे. भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडतात, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग भेग खाच पाडून रुंद करतात आणि कांडीने भरतात. दुसऱ्या जातीचे पॉलिएथिलीन वितळतच नसल्याने त्याचा सांधा विश्वासार्ह होत नाही. फायबरच्या आणि नायलॉनच्या टाकीवर इपॉक्सी बरी धरते, पण त्यांचे खरे दुखणे वेगळे आहे. त्याकडे पुढे येऊ.

पुष्कळदा भेग म्हणून आणलेली गळती भेग नसतेच. कॉकचा रबरी वायसर कडक झालेला असतो किंवा बोल्ट जास्त आवळल्याने पितळी नट प्लॅस्टिकातून सैल झालेला असतो. म्हणून आधी वायसर बदलून पाहावा. याउलट टाकीचा जोड उसवला असेल, भेग तळाशी किंवा इंजिनाजवळ असेल, उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ झाले असेल, तर दुरुस्तीचा विचार सोडून द्यावा. नवी टाकी महाग पडते हे खरे. पण ती रक्कम भाजलेल्या माणसाच्या औषधोपचारापुढे काहीच नाही.

टाकी निर्बाष्प करण्याची रीत अशी. उघड्यावर, ठिणगी व विडी-सिगारेट यांपासून दूर, पेट्रोल धातूच्या डब्यात काढावे. कॉक व झाकण काढून टाकी साबणाच्या पाण्याने काठोकाठ भरावी आणि ओतावी. असे अनेकदा करावे. ते पाणी गटारात अथवा विहिरीजवळ ओतू नये. मग टाकी सर्व तोंडे उघडी ठेवून सावलीत, वाऱ्यावर निदान दोन आठवडे राहू द्यावी. कोरड्या कापडाने घासू नये. प्लॅस्टिकवर स्थिर विद्युत साठते. वास गेला म्हणजे वाफ गेली असे मात्र नाही. ज्वलनशील वायू मोजण्याच्या यंत्राने खात्री करावी. दुरुस्तीनंतर टाकी पाण्याने भरून रात्रभर कोऱ्या कागदावर ठेवावी. कागद सकाळी कोरडा असेल तरच पेट्रोल भरावे. कॉम्प्रेसरची हवा भरून परीक्षा घेऊ नये, टाकी फुटते.

इथेनॉल आणि साठवण

आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या उसाशी या विषयाचा संबंध येथे येतो. उसापासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याचे प्रमाण देशात २०२२ साली दहा टक्क्यांवर गेले. वीस टक्के मिश्रणाची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळूर येथे सुरू झाली आणि आता ते सर्वत्र मिळते. पॉलिएथिलीनला इथेनॉलचा उपद्रव होत नाही. नायलॉन मात्र इथेनॉल आणि त्याने ओढून घेतलेले पाणी शोषून फुगते. टाकी वाकडी होऊन चौकटीवर बसेनाशी होते. फायबरच्या जुन्या टाक्यांतील रेझीन मऊ पडून त्याचा चिकट राप इंजिनात जातो. अशा टाकीत पेट्रोल फार दिवस ठेवूच नये.

पत्र्याची टाकी गंजू नये म्हणून ती काठोकाठ भरून ठेवतात. प्लॅस्टिकला हा नियम लागू नाही. मोटारसायकल महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून, झाकण उघडे ठेवून वाळवावी. नायलॉनची फुगलेली टाकी अशा रीतीने हळूहळू बरीचशी पूर्ववत होते. टाकी उन्हात ठेवू नये, तिच्यावर ओझे रचू नये. पॉलिएथिलीनच्या भिंतीतून वाफ सतत झिरपत असते, म्हणूनच तिच्यावर रंग व चित्रे टिकत नाहीत. अमेरिकेत २००८ पासून रस्त्यावरील नव्या मोटारसायकलींच्या टाकीला या झिरपण्याची मर्यादा दर चौरस मीटरला रोज दीड ग्रॅम अशी घालून दिली आहे.

ही वाफ हवेच्या तिप्पट-चौपट जड असते. ती वर न जाता जमिनीवरून पसरते आणि शेजारच्या खोलीतील शेगडी, गीझर किंवा देवघरातील समई यांपर्यंत पोहोचते. म्हणून टाकी राहत्या घरात ठेवू नये. काढलेले पेट्रोल थंड पेयांच्या बाटल्यांत भरून ठेवण्याची आपल्याकडील सवय तर मुळीच बरी नव्हे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने परवान्याशिवाय तीस लिटरपर्यंत पेट्रोल जवळ बाळगता येते; पण ते घट्ट झाकणाच्या काचेच्या, चिनी मातीच्या वा धातूच्या भांड्यात, असे कायदा सांगतो. पेट्रोल तापले की फुगते हेही लक्षात ठेवावे : दहा लिटर पेट्रोल २० वरून ४० अंशांवर गेले तर सुमारे १९० मिलिलिटरने वाढते. भांडे गळ्यापर्यंत भरू नये.

त्या दिवशी मेस्त्रीने गॅस बंद केला. टाकी आम्ही महाविद्यालयात आणली, धुतली आणि प्रयोगशाळेच्या मागील व्हरांड्यात उघडी ठेवली. तुकड्याची परीक्षा केली तेव्हा ती दुसऱ्या जातीची, न वितळणारी निघाली. तापलेल्या पट्टीने ती सांधली जाणे शक्यच नव्हते. विद्यार्थ्याने काटकसर करून नवी टाकी मागविली. जुनी अजून व्हरांड्यात आहे. तीन आठवड्यांनी मेस्त्री काही कामानिमित्त आला तेव्हा मी त्याला तिच्या तोंडाशी नाक नेण्यास सांगितले. त्याने वास घेतला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "हाय की ओ अजून!"