टक्केवारीतला जिल्हा आणि सीमेवरची शाळा

कर्नाटकात शालेय शिक्षणाचा कारभार ३५ शैक्षणिक जिल्ह्यांत वाटलेला आहे. बीदर हा त्यांपैकी एक. जिल्हा शिक्षण उपनिर्देशकांकडे, तालुका गटशिक्षणाधिकाऱ्याकडे (बीईओ), आणि गावोगावच्या शाळांशी नित्याचा संबंध समूह संसाधन व्यक्तींचा (सीआरपी). पूर्वी औराद आणि आता कमलनगर तालुक्यात असलेल्या ठाणाकुशनूरमधील शाळेची माहिती याच वाटेने वर चढते. उन्हाळ्यात दहावीचा, म्हणजे एसएसएलसीचा, निकाल लागला की तिचा जिल्ह्यापुरता एकच आकडा उरतो आणि गावात चर्चा त्याचीच होते.

हा आकडा कमालीचा हलता आहे. राज्याचा एसएसएलसी निकाल २०२३ मध्ये ८३.८९ टक्के होता, २०२४ मध्ये ७३.४० आणि २०२५ मध्ये ६२.३४. दोन वर्षांत मुलांचे शिकणे एवढे ढासळले असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती मोजण्याची रीत. २०२४ मध्ये परीक्षा केंद्रांवर वेबकास्टिंगची नजर आली. कॉपीला आळा बसताच निकाल इतका कोसळला की त्या एका वर्षापुरते वाढीव गुण दुप्पट करून तो सावरावा लागला. पुढच्या वर्षी ती सवलत काढून घेतली आणि खरी उंची दिसली. २०२३ मध्ये राज्यात पहिला आलेला चित्रदुर्ग जिल्हा वर्षभरात एकविसाव्या क्रमांकावर घसरला. २०२४ मध्ये तळाशी यादगीर होता, २०२५ मध्ये ४२.४३ टक्क्यांसह कलबुर्गी. त्यानंतर उत्तीर्ण होण्यासाठी लागणारी एकूण गुणांची अट ३५ वरून ३३ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला. म्हणजे २०२६ चा निकाल २०२५ च्या शेजारी ठेवतानाही पट्टी बदलल्याचे ध्यानात ठेवावे लागेल.

एका शाळेपुरते पाहिले तर अडचण वाढते. दहावीला वीस मुले बसली आणि त्यांतले एक नापास झाले, तर निकाल पाच टक्क्यांनी उतरतो. अशा शाळेची प्रगती एका वर्षावरून ठरवणे म्हणजे एका पावसावरून हंगाम सांगणे. निदान तीन वर्षांची सरासरी हवी, आणि तीही नववीच्या पटाशी ताडून. निकालाच्या भागाकारात परीक्षेला बसलेलीच मुले येतात. नववीतून गळालेले किंवा ऐन हंगामात आईबापांबरोबर बाहेरगावी गेलेले मूल निकाल बिघडवत नाही, उलट सुधारते. टक्केवारीतला हा सर्वांत मोठा खोटेपणा आहे आणि तो कोणीही मुद्दाम केलेला नसतो.

पटाचा हिशेब यूडायस प्लस या देशभरातल्या शाळांच्या माहितीप्रणालीत मिळतो. प्रत्येक शाळेला अकरा अंकी संकेतांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे, कर्नाटकासाठी २९. वर्गखोल्या, शौचालये, शिक्षक, मुलामुलींची संख्या हे सारे त्यात नोंदवले जाते. मात्र माहिती शाळाच भरते, त्यामुळे शौचालय आहे एवढे कळते. त्याला कुलूप आहे की नाही, हे पाहायला माणूसच जावा लागतो.

मूल शिकले का, याचे उत्तर सर्वेक्षणांत शोधले जाते. मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने २००५ पासून चालवलेले ‘असर’ सर्वेक्षण शाळेत न जाता घरी जाते, हे त्याचे बळ. जिल्ह्यातली ३० गावे, दर गावी २० घरे; मुलापुढे अक्षरे, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट ठेवायची, मग हातच्याची वजाबाकी आणि भागाकार. सहाशे घरांवरून जिल्ह्याचा अंदाज बांधता येतो, एखाद्या गावाचा नाही. ठाणाकुशनूर त्या तीस गावांत आले तरी वीस घरांवरून गावच्या शाळेला नावे ठेवता येत नाहीत. सरकारी सर्वेक्षण शाळेत होते. ४ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षणात तिसरी, सहावी आणि नववीची मुले तपासली गेली. सोबत शिक्षक आणि मुख्याध्यापकांसाठी प्रश्नावल्याही होत्या.

या सगळ्याची मोट केंद्र सरकारने जिल्हा कामगिरी श्रेणी निर्देशांकात बांधली. ८३ निकष, ६०० गुण. त्यांत निष्पत्तीला २९०, पायाभूत सुविधा आणि मुलांना मिळणाऱ्या लाभांना मिळून अवघे ५१. श्रेणी ‘दक्ष’पासून ‘आकांक्षी-३’पर्यंत. गुणांची ही वाटणी योग्य दिशेची आहे, पण अध्ययनाची सर्वेक्षणे दरवर्षी होत नसल्याने मधल्या वर्षी जुनेच निकाल पुढे ओढले जातात आणि जिल्हा ‘सुधारला’ तो कधीकधी संगणक आणि कागदपत्रांच्या गुणांवर.

बीदर ज्यात येतो त्या कल्याण कर्नाटकाला मागासपणाच्या मोजणीचा अनुभव जुना आहे. डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने २००२ मध्ये ३५ निर्देशकांवरून राज्यातील ३९ तालुके ‘अतिमागास’ ठरवले, त्यांतले २१ गुलबर्गा (आताच्या कलबुर्गी) विभागातले. तिने घटक धरला तो तालुका. जिल्ह्याची सरासरी काय झाकते, हे तिला कळले होते.

सीमाभागात सरासरी आणखी एक गोष्ट झाकते, ती म्हणजे माध्यम. औराद, कमलनगर, भालकी, बसवकल्याण या पट्ट्यात कन्नडबरोबर मराठी आणि उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. मराठीत वाचायला शिकलेल्या मुलापुढे कन्नड उतारा ठेवला, तर त्याचे वाचन नव्हे, कन्नड मोजले जाते. मराठी माध्यमाच्या शाळेत गणिताचा निकाल खाली आला, तर शिक्षकाची जागा रिकामी होती, पाठ्यपुस्तक उशिरा पोहोचले की पाया कच्चा होता, हे जिल्ह्याच्या आकड्यातून उमगत नाही. यांतल्या प्रत्येक कारणाचा तोडगा वेगळ्या कार्यालयात असतो. एसएसएलसीची प्रश्नपत्रिका मराठीतही निघते, त्यामुळे कोणता परीक्षार्थी कोणत्या माध्यमाचा, हे परीक्षा मंडळाकडे आधीच नोंदलेले असते. तालुकानिहाय आणि माध्यमनिहाय असा तीन वर्षांचा विषयवार तक्ता, शेजारी नववीचा पट आणि रिकाम्या जागा, एवढे मांडायला नवे सर्वेक्षण लागत नाही.