दोन राजधान्या आणि कल्याण कॅम्प

उल्हासनगरात आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर ३’, ‘कॅम्प नंबर ५’ असेच म्हणतात. अंबरनाथ-बदलापूरच्या आपल्या भाविकांना रोज गाडीतून दिसणारी ही वस्ती मुळात दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी होती. सिंधी बांधव येथे का आले, याचे उत्तर ‘फाळणीमुळे’ एवढेच दिले जाते. ते अपुरे आहे, असे आम्हांस वाटते.

ऑगस्ट १९४७ मध्ये पंजाब पेटला, तेव्हा सिंध प्रांत तुलनेने शांत होता. परंतु कराची पाकिस्तानची राजधानी झाली. १९४१ च्या जनगणनेनुसार सुमारे ४ लाख ३५ हजार वस्तीचे ते शहर. त्यांत जवळजवळ निम्मे हिंदू. तेथे एकाएकी सरकारी कचेऱ्या, अधिकारी, कारकून आणि भारतातून आलेले निर्वासित येऊन थडकले. घरे अपुरी पडू लागली. ज्याचे घर हवे असते, तो शेजारी परका ठरण्यास वेळ लागत नाही.

या निर्वासितांपैकी अनेक जण दुसऱ्या राजधानीतून, दिल्लीतून आले होते. सप्टेंबर १९४७ मध्ये तेथील मुसलमानांवर हल्ले झाले. हजारो कुटुंबांनी पुराना किल्ला व हुमायूनची कबर येथे आसरा घेतला. त्यांच्या रिकाम्या घरांत पंजाबातून आलेले हिंदू व शीख निर्वासित शिरले. यादवी अशीच पसरते. येथे तर एक राजधानी दुसरीला इंधन पुरवीत होती.

६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत, मुंबईस निघण्यासाठी गुरुद्वारात थांबलेल्या शिखांवर जमाव तुटून पडला. पाठोपाठ हिंदूंची घरे लुटली गेली. जावे की राहावे, अशा विचारात असलेल्यांनीही मग सामान बांधले. आठवड्याभराने, १३ जानेवारीस, गांधीजींनी दिल्लीत उपोषण आरंभिले. मुसलमानांना तेथे निर्भयपणे राहता यावे, त्यांच्या मशिदी परत मिळाव्यात, ही त्यांची मागणी होती. १८ तारखेस तसे वचन मिळाले. कराचीहून येणारे लोंढे मात्र थांबले नाहीत.

कराची कोणाची, हा वाद पुढेही मिटला नाही. जुलै १९४८ मध्ये ते शहर सिंधपासून वेगळे काढण्यात आले. राजधानी तेथून हलल्यानंतरही, १९७२ साली सिंधी व उर्दू भाषकांत दंगली झाल्या.

इकडे कल्याण कॅम्पात सुमारे एक लाख निर्वासित उतरले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून गावाला नाव मिळाले. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबलचक बराकींत, मध्ये गोणपाटाचे पडदे टांगून, कुटुंबांनी आपापले संसार मांडले.