जुना संगणक: रॅम वाढवायची की नवाच घ्यायचा?

मारतहळ्ळीत आयटीत काम करणाऱ्यांची कितीतरी घरं आहेत. मोठ्यांना ऑफिसचा लॅपटॉप मिळतो आणि घरचा सात-आठ वर्षांचा संगणक मुलांच्या अभ्यासाला, आजी-आजोबांच्या व्हिडिओ कॉलला आणि बिलं भरायला उरतो. तो रखडू लागला की कुणी म्हणतं, “रॅम टाका,” कुणी म्हणतं, “देऊन टाका.” पैसे तुमचे जाणार आहेत, तेव्हा आधी दहा मिनिटं तपासणीला द्या.

दुखणं नेमकं कुठे?

रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि डिस्क म्हणजे कपाट. ओटा लहान असेल, तर प्रत्येक वस्तू पुन्हा पुन्हा कपाटात ठेवावी-काढावी लागते. नेहमीची सगळी कामं सुरू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘मेमरी’ सतत ९० टक्क्यांच्या आसपास असेल, तर रॅम अपुरी आहे. मेमरी मोकळी असूनही ‘डिस्क’ १०० टक्क्यांवर अडली असेल, तर बहुधा जुनी हार्ड डिस्क दमली आहे. तिच्या जागी एसएसडी बसवा. नुसत्या रॅमने फारसा फरक पडणार नाही.

दुकानात जाण्यापूर्वी

रॅमच्या किती जागा भरल्या आहेत, तेही तिथेच दिसतं. मात्र अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाख देऊन पक्की केलेली असते. ती बदलता येत नाही. डीडीआर३च्या जागी डीडीआर४ बसत नाही. विंडोज ३२ बिटची असेल, तर ४ जीबीच्या वरची रॅम वाया जाते. म्हणून शहरातल्या एस. पी. रोडच्या बाजारात जाताना मॉडेल क्रमांकाचा फोटो सोबत ठेवा. २०२५च्या अखेरीस एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव बरेच चढले, तेव्हा जुन्या भावावर हिशेब करू नका.

कधी थांबावं?

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि ठरावीक प्रोसेसर लागतो. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर त्यात बसत नाहीत. ही अडचण कितीही रॅम टाकली तरी सुटत नाही. अशा संगणकावर बँकेचे व्यवहार करत राहणं धोक्याचं आहे. फक्त वाचन, लेखन आणि मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल, तर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली टाकून तो आणखी काही वर्षं चालवता येतो.

एक साधा हिशेब ठेवा. विंडोज ११ चालत असेल आणि दुरुस्तीचा खर्च नव्या संगणकाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी असेल, तर रॅम किंवा एसएसडी घ्या. नाहीतर तेच पैसे नव्यात घाला.

जुना देऊन टाकायचा झाला, तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या, डिस्क पूर्ण पुसा आणि मगच तो अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्या. नाहीतर पैसे वाचवायच्या नादात घरची कागदपत्रं परक्याच्या हाती जायची.