विद्यापीठांतील प्लास्टिक : बंदीपेक्षा खरेदीत बदल हवा

विद्यापीठाच्या प्रवेशद्वारावर 'प्लास्टिकमुक्त परिसर' असा फलक लावणे सोपे असते. मात्र परिसंवादात मांडल्या जाणाऱ्या पाण्याच्या बाटल्या, उपाहारगृहातील वेफर्सची पाकिटे आणि वसतिगृहात येणारी जेवणाची पार्सले यांचा प्रश्न त्या फलकाने सुटत नाही.

प्लास्टिकविरोधी नियमांची कमतरता नाही. राज्य सरकारने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून प्लास्टिक पिशव्या व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घातली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये उच्च शिक्षण संस्थांना एकदाच वापरायच्या प्लास्टिकला आवारात मज्जाव करण्यास सांगितले. १ जुलै २०२२ पासून तर प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ अशा वस्तूंवर देशभर बंदी आली. मात्र या यादीत पाण्याची बाटली नाही आणि खाद्यपदार्थांचे पाकीटही नाही.

बाटली हटवली की प्रश्न मिटतो, असेही नाही. अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठाने २०१३ मध्ये बाटलीबंद पाण्याची विक्री थांबवली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की त्यानंतर आवारात येणाऱ्या बाटल्यांचे दरडोई प्रमाण घटण्याऐवजी वाढले. विद्यार्थी पाण्याऐवजी बाटलीतील गोड शीतपेयांकडे वळले होते. बंदी एका वस्तूवर होती. बाटली विकत घेण्याची सवय मात्र कायम राहिली.

म्हणूनच पहिला उपाय पिण्याच्या पाण्याचा. प्रत्येक इमारतीत चालू स्थितीतील कूलर, टाकी धुतल्याची तारीख आणि पाणी तपासणीचा अहवाल तेथेच लावलेला असेल, तर विद्यार्थी घरून आणलेली बाटली निर्धास्तपणे भरतील. नळाच्या पाण्यावर विश्वास नसेल, तर जनजागृतीच्या फेऱ्यांचा उपयोग होणार नाही.

कागदी पेल्याचा आभास

प्लास्टिकच्या पेल्याला पर्याय म्हणून आलेला कागदी पेलाही निर्दोष नाही. त्याच्या आतील बाजूस प्लास्टिकचा पातळ थर असतो. अशा पेल्यात गरम पेय १५ मिनिटे ठेवल्यास १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २५ हजार सूक्ष्मकण मिसळतात, असे खरगपूर आयआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले. धुऊन पुन्हा वापरता येणारे काचेचे वा स्टीलचे पेले हाच खरा पर्याय आहे. उपाहारगृह आणि खाणावळीच्या निविदेतच तशी अट घालणे विद्यापीठ प्रशासनाच्या हाती असते.

वर्गीकरण कोणासाठी?

यानंतरही उरणारा कचरा कोणाच्या तरी हातांनी उचलला जातो. स्वच्छ बाटली भंगारात विकली जाते. अन्नाने माखलेल्या बाटलीचे मोल घटते. अनेक थरांच्या चकचकीत पाकिटांना तर सहसा गिऱ्हाईकच नसते, कारण त्यांतील थर वेगळे करणे कठीण असते. ओला व सुका कचरा जागीच वेगळा ठेवला, तर कचरावेचकांचे श्रम वाचतात आणि त्यांच्या पदरी चार पैसेही पडतात. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीमागे एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्यांचा पुढाकार होता. विद्यापीठ आणि कचरावेचक यांचे नाते असे जुने आहे.

प्रत्येक विभागाने दरमहा सुक्या कचऱ्याचे वजन नोंदवून ते जाहीर केल्यास फलकावरील दावा किती खरा, हे सर्वांनाच कळेल.