याजकीय दाने (प्राचीन इस्राएल)

याजकीय दाने (हिब्रू : मत्नोत केहुना) म्हणजे प्राचीन इस्राएलमधील याजकांच्या निर्वाहासाठी धर्मशास्त्राने ठरवून दिलेले धान्य, मांस, लोकर व द्रव्य यांचे वाटे होत. याजकपद अहरोनाच्या पुरुष वंशजांकडे वंशपरंपरेने चालत असे. रब्बींच्या परंपरेने या दानांचे २४ प्रकार मानले आहेत.

पार्श्वभूमी

कनान देशाची भूमी इस्राएलच्या वंशांत वाटली गेली, तेव्हा लेवी वंशाला शेतजमिनीचा वाटा मिळाला नाही. अहरोनाचे घराणे याच वंशातील होते. परमेश्वर हाच त्यांचा वाटा, अशी यामागची धारणा गणना या ग्रंथात आली आहे. यहोशवाच्या ग्रंथानुसार लेव्यांना राहण्यासाठी ४८ नगरे व त्यांभोवतीची गायराने देण्यात आली; त्यांपैकी १३ नगरे याजकांची होती. त्यामुळे याजकांचे अन्न इतरांच्या शेतांतून व कळपांतून येणार, हे व्यवस्थेतच गृहीत होते.

यज्ञातील वाटे

होमबली पूर्णपणे वेदीवर जाळला जाई. याजकाला केवळ कातडे मिळे. अन्नार्पणातील मूठभर पीठ वेदीवर अर्पण करून उरलेले याजकांकडे जाई. पापबलीचे मांस सामान्यतः याजक घराण्यातील पुरुषांनी पवित्र स्थानीच खावे, असा नियम होता. मात्र ज्या पापबलीचे रक्त पवित्रस्थानात आत नेले जाई, त्याचे मांस खाल्ले जात नसे. शांत्यर्पणात चरबी वेदीवर, ऊर व उजवी मांडी याजकाला आणि बाकीचे मांस अर्पण करणाऱ्याला, अशी विभागणी असे. हा वाटा याजकाच्या कुटुंबीयांनाही खाता येई. दर शब्बाथला मांडल्या जाणाऱ्या १२ समर्पित भाकरी पुढच्या शब्बाथला बदलल्यावर याजक खात.

शेती, कळप व घर यांतील वाटे

धान्य, द्राक्षारस व तेल यांतून प्रथम काढायच्या वाट्याला ‘त्रुमा’ म्हणत. तोराहमध्ये त्याचे प्रमाण सांगितलेले नाही. मिश्नानुसार उदार माणसाने चाळीसावा, मध्यम माणसाने पन्नासावा आणि कृपणाने साठावा भाग द्यावा. उरलेल्यातील दशमांश लेव्यांना मिळे व त्याचा दशमांश लेवी याजकांना देत. १,००० मापे धान्यातून मध्यम प्रमाणाने २० मापे त्रुमा निघे. उरलेल्या ९८० पैकी ९८ मापे लेव्यांकडे व त्यांतील ९.८ मापे याजकांकडे जात. म्हणजे याजकांना एकूण सुमारे ३० मापे मिळत.

यांखेरीज प्रथमफळे, मळलेल्या कणकेतील गोळा, मेंढ्यांची पहिली लोकर आणि गाईगुरे व शेरडामेंढरांचा प्रथम जन्मलेला नर ही दाने होती. आईच्या पहिल्या मुलाला ५ शेकेल देऊन सोडवून घेत. गाढवाच्या पहिल्या शिंगराच्या मोबदल्यात मेंढरू देत.

पात्रता

त्रुमा शुद्ध स्थितीतच खावी लागे. याजकाच्या घरातील दासाला ती चाले, मजुराला नाही. याजकाची मुलगी याजकेतर घरी विवाहित झाल्यास तिचा हक्क जाई. विधवा किंवा परित्यक्ता होऊन अपत्याविना माहेरी परतल्यास तो पुन्हा मिळे. याजकांचे २४ वर्ग पाळीपाळीने एकेक आठवडा मंदिरात सेवा करीत व त्या काळातील यज्ञाचे वाटे त्या वर्गाला मिळत.

व्यवस्थेतील ताण

ही व्यवस्था देणाऱ्याची निष्ठा व घेणाऱ्याचा संयम या दोहोंवर उभी होती. एली याजकाच्या मुलांचे सेवक चरबी जाळण्यापूर्वीच बळाने मांस मागत, असे शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात म्हटले आहे. इ. स. पू. पाचव्या शतकात लोकांनी वाटे देणे थांबवल्याने लेवी व गायक सेवा सोडून आपापल्या शेतांकडे गेले. तेव्हा नहेम्याने त्यांना परत आणून भांडारांवर विश्वासू माणसे नेमली. मंदिराच्या अखेरच्या दशकांत प्रमुख याजकांच्या सेवकांनी खळ्यांवरून दशमांश बळकावल्यामुळे गरीब याजक उपासमारीने मेले, असे इतिहासकार योसेफस नोंदवतो. तो स्वतः याजक घराण्यातील होता.

मंदिराच्या विध्वंसानंतर

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर उद्ध्वस्त केल्यावर यज्ञ थांबले आणि त्यांतील वाटेही संपले. पहिल्या मुलाला सोडवून घेण्याचा विधी मात्र धर्मनिष्ठ ज्यू कुटुंबांत आजही होतो. कणकेचा गोळाही वेगळा काढतात. परंतु तो याजकाला न देता सामान्यतः जाळला जातो.