उष्णतेची लाट आणि युरोपातील घर

युरोप म्हटले की बर्फ, शेकोटी आणि लोकरीचे कोट आठवतात. परंतु ऑगस्ट २००३ मधील उष्णतेच्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार माणसे दगावली. पुढे २५ जुलै २०१९ रोजी पॅरिसचा पारा ४२.६ अंश सेल्सिअसवर गेला. विदर्भातील वाचकांना हा आकडा मोठा वाटणार नाही. मग तेथे एवढी माणसे का मरावीत, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

पहिले कारण म्हणजे घरांची बांधणी. तेथील बहुतेक घरे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली असतात. काचेतून ऊन आत येते, भिंती व सामान तापते आणि ती उष्णता आतच कोंडून राहते. आतून पडदा लावला तरी पडदाच तापून खोली तापवितो. म्हणून ऊन काचेच्या बाहेरच अडविले पाहिजे. फ्रान्स, इटली येथील खिडक्यांना बाहेरून लाकडी झडपा असतात, त्या यासाठीच. इंग्लंडमध्ये मात्र त्या क्वचितच आढळतात.

दुसरी गोष्ट वेळेची. बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा गरम असेपर्यंत खिडक्या बंद ठेवाव्यात. रात्री गारवा आला की समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात, म्हणजे वारा खेळून भिंती निवतात. २००३ साली पॅरिसमध्ये रात्रीही पुरेसा गारवा आला नाही. जस्ताच्या पत्र्याखालच्या, सर्वांत वरच्या खोल्यांत तर भट्टीच झाली.

परंतु दोष केवळ घरांचा नव्हता. मृतांत बहुसंख्य वृद्ध होते, अनेकजण एकटे राहणारे होते. शेजारीपाजारी सुटीवर गेलेले. ज्यांना न्यायला कोणीच आले नाही अशा ५७ जणांचे ३ सप्टेंबर २००३ रोजी पॅरिसजवळ दफन झाले. राष्ट्राध्यक्ष शिराक स्वतः उपस्थित होते. त्यानंतर २००४ च्या कायद्याने नगरपालिकांनी एकाकी वृद्ध व अपंगांची नोंदवही ठेवावी, असे ठरले. नाव नोंदविणे ऐच्छिक आहे. उष्णतेचा इशारा मिळताच नोंदविलेल्या व्यक्तींची विचारपूस केली जाते.

आपले विद्यार्थी आज शिक्षणासाठी तिकडे जातात. भाडे कमी म्हणून छताखालची खोली घेताना त्यांनी खिडकीला बाहेरून झडप आहे का, रात्री वारा आरपार जातो का, हे अवश्य पाहावे. आणि लाट आली की त्याच जिन्यावर एकट्या राहणाऱ्या आजीबाईंचे दार दिवसातून एकदा तरी ठोठवावे. झडप ऊन अडविते. पण आत कोणी पाण्यावाचून पडले आहे काय, हे शेजाऱ्यालाच कळते.